मुलींना अभियांत्रिकीकडे नेणाऱ्या स्वयंसेवकांचा सन्मान कसा करावा: नाशिकमध्ये पुरस्कार सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मुलींनी अभियंता व्हावे यासाठी पदरचा वेळ खर्च करणारी माणसे नाशिक जिल्ह्यात जागोजागी आहेत. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात आठवडाभर काम करून रविवारी एखाद्या शाळेत जाणारी अभियंता, ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, दहावीला गणित शिकवता शिकवता पालकांच्या घरी जाऊन बसणाऱ्या बाई, स्वतः पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असताना गावातल्या धाकट्या मुलींचे अर्ज भरून देणारी विद्यार्थिनी, अशी ही मंडळी असतात. त्यांच्या कामाची दखल घ्यावी असे एखाद्या महिला मंडळाला, माजी विद्यार्थी संघाला किंवा उद्योजकांच्या गटाला मनापासून वाटते, परंतु सुरुवात कोठून करावी हे ठाऊक नसल्याने शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि दोन लांबलेली भाषणे यांवर गोष्ट संपते. पहिल्यांदाच असा पुरस्कार सुरू करणाऱ्यांना पायरीपायरीने काय करावे लागते, ते येथे मांडले आहे.

सारे टप्पे ज्या एका विचारावर उभे आहेत तो आधीच सांगतो. पुरस्कार भाषणाचा नसावा, पाठपुराव्याचा असावा. आणि बक्षीस असे असावे की त्यामुळे त्या स्वयंसेवकाचे पुढच्या वर्षीचे काम सोपे होईल.

पहिली पायरी: कोणते काम गौरवायचे ते ठरवणे

दहावीच्या निकालापासून अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रापर्यंत एका मुलीच्या बाबतीत काय काय घडते, ते आयोजकांनी एकत्र बसून कागदावर लिहून काढावे. दहावीनंतर तिच्यासमोर दोन वाटा असतात. एक तीन वर्षांच्या पदविकेची, म्हणजे पॉलिटेक्निकची, आणि दुसरी अकरावी-बारावी विज्ञान करून सीईटी ही प्रवेश परीक्षा देण्याची. अकरावीला विषय निवडताना गणित सुटले की पीसीएम, म्हणजे भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित, गटाची सीईटी हातची जाते आणि तिच्यामागोमाग अभियांत्रिकीची पदवीही जाते. एवढा मोठा निर्णय अनेक घरांत ‘पोरीला गणित जड जाईल’ या एका वाक्यावर होऊन जातो. त्यानंतर दाखल्यांची पाळी येते: उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातल्या मुलीला जमातीचे वैधता प्रमाणपत्र वेळेत मिळते की नाही, यावर तिचा प्रवेश कित्येकदा सीईटीच्या गुणांइतकाच अवलंबून असतो. मग कॅप फेरीचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे, पसंतीक्रम भरायचे असतात, वसतिगृह शोधायचे असते, आणि इतके सगळे पार पडल्यावरही मराठी माध्यमातून आलेल्या मुलीची पहिल्या सत्रात एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग यांच्याशी गाठ पडते, तेव्हा ‘परत ये, बीएस्सी कर’ असे घरून सांगण्याची वेळ येऊ शकते.

या साऱ्या साखळीत शाळेच्या सभागृहातील तासाभराच्या व्याख्यानाचा वाटा फार थोडा असतो. व्याख्यान निरुपयोगी असते असे नव्हे, कारण मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल अभियंता असलेली स्त्री प्रत्यक्ष समोर उभी राहणे हेच काही मुलींना आयुष्यात प्रथमच पाहायला मिळते. परंतु त्यानंतर जे घडते ते घडवून आणणारी व्यक्ती वेगळी असते आणि बहुधा ती व्यासपीठावर नसते. पेठ तालुक्यातील एखादे वडील ओसरीवर बसून म्हणतात, ‘‘ताई, पोरगी हुशार आहे हे मला कळतं. पण चार वर्षं नाशकात ठेवायची तर राहील कुठं, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर बघणार कोण?’’ या प्रश्नाला भाषणात उत्तर नसते. त्या वडिलांना सोबत घेऊन नाशिकला येणारी, वसतिगृहाच्या अधीक्षिकेशी त्यांची गाठ घालून देणारी, सिटीलिंकची बस कोठून सुटते ते दाखवणारी आणि स्वतःचा फोन नंबर त्यांच्या वहीत लिहून देणारी ताई हे त्याचे उत्तर असते. पुरस्कार तिच्यासाठी आहे.

ए. ललिता यांचे उदाहरण येथे आठवते. भारतातील पहिल्या महिला अभियंता म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. अठराव्या वर्षी वैधव्य आले, कडेवर लहान मुलगी होती, आणि तरीही मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. मुलींना प्रवेश देण्याची प्रथाच नसलेल्या त्या महाविद्यालयात त्यांचे वडील प्राध्यापक होते आणि मुलीच्या प्रवेशासाठी त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला होता. असा शब्द टाकणारे कोणी घरात असणे हे भाग्य प्रत्येक मुलीच्या वाट्याला येत नाही, म्हणून घराबाहेरून ते काम करणाऱ्या माणसांचे मोल अधिक आहे.

दुसरी पायरी: पात्रतेच्या अटी

अटी थोड्या असाव्यात, पण त्यांत पळवाट नसावी. ज्या व्यक्तीला याच कामाचा पगार, मानधन किंवा प्रवेशामागे कमिशन मिळते ती स्वयंसेवक नव्हे. ही अट कोणाच्या मनाला लागू नये म्हणून ती सुरुवातीलाच छापून ठेवावी, कारण प्रवेशाच्या हंगामात खासगी महाविद्यालयांचे आणि क्लासचे प्रतिनिधी शाळाशाळांत फिरत असतात आणि त्यांच्याही तोंडी मुलींच्या शिक्षणाचीच भाषा असते. शिक्षकांच्या बाबतीत शाळेच्या वेळेतील अध्यापन धरू नये. शाळेबाहेर दिलेला वेळ मात्र पूर्ण धरावा. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थिनींना दोन वर्षांत २४० तासांचे सेवाकार्य करायचेच असते, तेव्हा ते तास त्यांनी या कामात घातले असतील तर त्याला आडकाठी घेऊ नये. निवड समितीच्या सदस्यांचे नातेवाईक आणि देणगीदारांचे नोकर यांना त्या वर्षापुरते अपात्र ठरवावे.

किमान काळ एक संपूर्ण शैक्षणिक वर्षाचा ठेवावा. माझ्या मते दोन वर्षे अधिक योग्य, कारण अकरावीत हात धरलेली मुलगी बारावीनंतर कोठे पोचली हे दुसऱ्या वर्षीच कळते. तथापि पहिल्याच वर्षी ही अट घातली तर तरुण स्वयंसेवक बाहेर राहतील, म्हणून सुरुवातीस एका वर्षावर समाधान मानावे.

तिसरी पायरी: नोंदवही

सर्वाधिक मेहनत येथे घ्यावी, कारण पुढचे सर्व टप्पे याच पायरीवर उभे राहतात. चांगले स्वयंसेवक बहुधा नोंदी ठेवत नाहीत. ‘किती मुलींना मदत केली?’ असे विचारले की ते हसून विषय बदलतात, आणि ज्यांना स्वतःची जाहिरात करता येते त्यांची कात्रणांची जाडजूड फाइल मात्र तयार असते. मग पुरस्कार फाइलला मिळतो. हे टाळायचे असेल तर पुरस्कार जाहीर करण्याच्या किमान सहा महिने आधी जिल्ह्यातील ज्ञात स्वयंसेवकांना एक साधी वही द्यावी आणि ती कशी भरायची हे दाखवून द्यावे.

वहीत मुलीचे नाव लिहू नये, क्रमांक लिहावा. नाव आणि क्रमांक यांची यादी स्वयंसेवकाने स्वतःपाशी वेगळी ठेवावी. नमुन्यादाखल एक नोंद अशी असू शकते: ‘१४ जून, सकाळी ११. मुलगी क्र. ७ हिच्या घरी. आई, आजी आणि थोरला भाऊ हजर. भावाचे म्हणणे: मेकॅनिकल हे पोरांचे काम. सिन्नरच्या कारखान्यात क्वालिटी विभागात असलेल्या ताईंशी फोनवर बोलणे करून दिले, २० मिनिटे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली आहे. सेतूत नवा अर्ज करण्यास सांगितले. पुढची भेट २१ जूनला, पावती पाहणे.’ एवढ्या पाच-सहा ओळींतून कोण भेटले, अडचण काय निघाली, त्यावर काय केले आणि पुढे काय करायचे आहे हे सारे कळते. ‘मुलींना मार्गदर्शन केले’ या वाक्यातून काहीच कळत नाही.

स्वयंसेवकांकडे योजनांची अचूक माहिती असणे हाही या कामाचाच भाग आहे, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ती छापून द्यावी. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत संपूर्ण सवलत दिली आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती पदविका आणि पदवीच्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. तिलाही ८ लाखांची उत्पन्न मर्यादा आहे आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते. अनुसूचित जमातीच्या मुलींसाठी शासकीय वसतिगृहे आहेत, आणि तेथे जागा न मिळाल्यास निवास-भोजनाचा खर्च भागवण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच असल्याने त्यांची माहिती समक्ष जाऊन घेता येते. अटी आणि तारखा दर वर्षी बदलू शकतात, म्हणून छपाईआधी शासनाची ताजी सूचना पाहूनच मजकूर पक्का करावा. व्यवस्थापन कोट्याचा तपशील एखाद्या स्वयंसेवकाला ठाऊक नसेल तर चांगल्या हेतूने दिलेला सल्लाही एखाद्या घराला कर्जात ढकलू शकतो.

चौथी पायरी: पैसा

लोकांकडून देणगी गोळा करायची असेल तर ती नोंदणीकृत न्यासाच्या खात्यातच घ्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली एखादी विश्वासाची संस्था सोबत घेतली की नवी संस्था काढण्याचा खटाटोप वाचतो. मोठ्या कंपन्यांकडे सामाजिक दायित्वाचा निधी असतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि शिक्षण व स्त्री-पुरुष समानता हे दोन्ही विषय त्यात बसतात. तो निधी मिळवण्यास मात्र वेळ आणि कागदपत्रे पुष्कळ लागतात. पहिल्या वर्षी अंबड-सातपूरच्या लहान उद्योजकांकडून वस्तुरूपाने मदत घेणे सोपे पडते: एकाने छपाई, एकाने गाडी, एकाने जेवण.

देणगीदाराचे नाव पुरस्काराला देण्यास हरकत नाही. निवडीत त्याचा शब्द चालणार नाही, हे मात्र देणगी घेण्याच्या दिवशीच पत्रात लिहून घ्यावे. खासगी महाविद्यालय किंवा क्लास यांची देणगी शक्यतो घेऊ नये. एकदा त्यांचा फलक व्यासपीठावर लागला की समोर बसलेल्या पालकांच्या नजरेत सन्मानित स्वयंसेवकही त्यांचाच माणूस ठरतो, आणि मग पुढच्या वर्षी त्याला त्या घरात पूर्वीच्या विश्वासाने कोणी बसवून घेत नाही.

पाचवी पायरी: नामांकन

नामांकन मुलींकडून, त्यांच्या पालकांकडून किंवा शाळेकडून यावे. अर्ज एका पानाचा, मराठीत आणि हाताने भरता येईल असा असावा. लिहिण्याचा कंटाळा किंवा संकोच असलेल्या पालकांना व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश पाठवण्याची मुभा द्यावी. आईने दोन मिनिटांत सांगितलेली हकिगत पुष्कळदा मुख्याध्यापकांच्या शिफारसपत्रापेक्षा अधिक काही सांगून जाते. प्रश्न तीनच पुरेत: ही व्यक्ती तुमच्या घरी किंवा शाळेत किती काळ येत आहे, नेमकी कोणती अडचण तिच्यामुळे सुटली, आणि ती नसती तर काय झाले असते. स्वयंसेवकाने स्वतःचे नाव पाठवले तरी नाकारू नये, पण त्यासोबत दोन मुलींचे म्हणणे असलेच पाहिजे.

सहावी पायरी: निवड समिती आणि पडताळणी

समिती पाच जणांची असावी आणि त्यांत किमान तीन स्त्रिया असाव्यात. कारखान्यात प्रत्यक्ष शॉपफ्लोअरवर काम केलेली एक अभियंता, ग्रामीण शाळेतील एक शिक्षक, पॉलिटेक्निक किंवा आयटीआयमधील एक निदेशक, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी आणि आयोजक संस्थेची एक व्यक्ती, अशी रचना मला सर्वांत योग्य वाटते. विद्यार्थिनीला नुसते नावापुरते बसवू नये. या वाटेवर कोठे पाय अडखळतो हे समितीत तिलाच सर्वांत ताजे ठाऊक असते. शॉपफ्लोअरवरची अभियंता कोठे शोधावी असा प्रश्न पडल्यास निमा आणि आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांकडे विचारणा करावी. पाटबंधारे, धरणे आणि रस्ते या क्षेत्रांतील कोणी हवे असल्यास दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, जवळच आहे.

तुलना करताना एक गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवावी. नाशिक शहरातल्या सुखवस्तू गंगापूर रोडवरच्या शाळेतील वीस मुली अभियांत्रिकीला गेल्या आणि सुरगाण्याच्या आश्रमशाळेतील दोन गेल्या, तर वीसचा आकडा मोठा दिसतो; पण पहिल्या वीसांपैकी बहुतेक जणी त्या स्वयंसेवकाशिवायही गेल्या असत्या का, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून अंतिम आकड्याला गुण कमी ठेवावेत. मुलगी कोठून निघाली, स्वयंसेवक किती काळ सोबत राहिला, घरच्यांशी संवाद कसा ठेवला, आणि मुलीचा कल वेगळा निघाल्यावर त्याने ते मान्य केले का, यांना अधिक गुण द्यावेत. शेवटचा मुद्दा अनेकांना अनपेक्षित वाटेल. मुलीला परिचारिका व्हायचे आहे असे स्पष्ट झाल्यावर तिला त्याच अभ्यासक्रमाचा अर्ज मिळवून देणारा स्वयंसेवक माझ्या दृष्टीने आदर्श आहे, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून पुढच्या मुली आणि त्यांचे पालक मोकळेपणाने बोलतात.

शेवटच्या फेरीत आलेल्या प्रत्येकाचे काम समितीतील दोघांनी जाऊन पाहावे. भेट आधी कळवून द्यावी आणि शाळेत किंवा घरातील मोठ्या माणसांच्या उपस्थितीत घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलीशी बोलताना पालकांची संमती घ्यावी, तिला एकटीला बोलावू नये, तिचे गुण, जात किंवा घरची परिस्थिती कोठेही जाहीर करू नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, काय सांगतो याची समितीला आणि स्वयंसेवकांना दोघांनाही माहिती करून द्यावी. स्वयंसेवक पुरुष असो वा स्त्री, मुलींशी संपर्क पालकांच्या किंवा शिक्षकांच्या नजरेसमोर असतो की नाही हे आवर्जून तपासावे, आणि याबाबत शंका राहिली तर बाकीचे काम कितीही मोठे असले तरी त्या वर्षी ते नाव बाजूला ठेवावे.

सातवी पायरी: काय द्यावे

बक्षिसाचा विचार करण्याआधी देणे चुकते करावे. स्वयंसेवकाने वर्षभर स्वतःच्या खिशातून केलेले बसभाडे, पेट्रोल, झेरॉक्स आणि मोबाइलचे रिचार्ज हा खर्च परत करणे म्हणजे सन्मान नव्हे, ते साधे कर्तव्य आहे. पुरस्कार मोजक्यांनाच मिळेल, पण खर्चाची भरपाई नोंदवही ठेवणाऱ्या प्रत्येकाला मिळावी. निधी मर्यादित असेल तर समारंभ छोटा करावा आणि हा पैसा वाचवावा. हर्सूलहून किंवा पेठहून आठवड्याला नाशिकला येणाऱ्या विद्यार्थिनी-स्वयंसेविकेला भाड्याचे पैसे मिळाले तर तिचे काम चालू राहते. न मिळाले तर वर्षअखेरीस ती थकते, आणि तिने काम सोडल्याचे आपल्याला कळतही नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष पुरस्कार. रोख रक्कम द्यावी, आणि ती स्वयंसेवकाच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात द्यावी. ती त्याने ‘कार्यासाठी’ परत दान करावी अशी अपेक्षा ठेवू नये आणि व्यासपीठावरून तशी सूचनाही करू नये. घरच्या माणसांच्या वेळेतून त्याने हे काम केलेले असते. त्या पैशातून घरी मिक्सर आला तरी तो योग्यच खर्च आहे.

रोख रकमेपेक्षाही अधिक उपयोगी पडते ते दार उघडून मिळणे. पुरस्कार मिळालेल्या स्वयंसेवकाला पुढील वर्षी आपल्या वीस-पंचवीस मुलींना घेऊन एखाद्या कारखान्यात जाण्याची लेखी परवानगी आणि गाडी मिळवून दिली, तर त्याच्या हातात असे साधन येते जे त्याला एरवी महिनोन् महिने हेलपाटे घालूनही मिळाले नसते. या भेटीची तयारी आयोजकांनीच करावी. सेफ्टी शूज मुलींच्या मापाचे आहेत का हे आधी विचारावे, कारण अनेक ठिकाणी पाहुण्यांसाठी ठेवलेले बूट पुरुषांच्या मापाचे असतात आणि पायातून निसटणारे बूट घालून चालणाऱ्या मुलीच्या मनात ‘ही जागा माझी नव्हे’ हीच भावना घट्ट होते. केस बांधून यावेत, ओढणी घरी ठेवावी किंवा पिनने पक्की लावावी, हे आदल्या दिवशी सांगावे आणि कारणही सांगावे: फिरत्या स्पिंडलमध्ये सैल कापड अडकले तर ते क्षणात आत ओढले जाते. कारखान्यात मुलींना फिरवून दाखवण्याचे काम तेथे नोकरीस असलेल्या स्त्रीकडे द्यावे, आणि मुलींना हातात काहीतरी धरू द्यावे. व्हर्नियर या सूक्ष्म मोजमापाच्या साधनाने एखाद्या शाफ्टचा, म्हणजे यंत्रातल्या दांड्याचा, व्यास मोजून पाहिलेली मुलगी घरी जाऊन आईला दशांश अपूर्णांक समजावून सांगते, आणि ते ऐकणाऱ्या घराला त्या क्षेत्राची भीती राहत नाही.

नोकरी करणाऱ्या स्वयंसेवकाच्या वरिष्ठांना सविस्तर पत्र पाठवावे. ‘आपल्या कर्मचाऱ्याने समाजसेवा केली’ असे मोघम न लिहिता तिने कोणत्या तालुक्यात, किती काळ, कोणते काम केले आणि त्यामुळे काय घडले हे लिहावे, आणि महिन्यातून एक दिवस तिला या कामासाठी सवलत द्यावी अशी स्पष्ट विनंती करावी. महाविद्यालयीन विद्यार्थिनीसाठी असेच पत्र तिच्या नोकरीच्या अर्जाला जोडता येईल अशा स्वरूपात, तारीख, तास आणि जबाबदारी नमूद करून द्यावे. गृहिणी असलेल्या स्वयंसेविकेला पत्र कोणाच्या नावे द्यायचे असा प्रश्न येईल. ते तिच्याच नावे द्यावे आणि समारंभाला तिच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवावे.

स्मृतिचिन्ह बाजारातले काचेचे किंवा ॲक्रिलिकचे नको. आयटीआयच्या टर्नर, फिटर किंवा मशिनिस्ट व्यवसायातील प्रशिक्षणार्थी मुलींकडून पितळेचे एखादे दंतचक्र (गिअर) तयार करवून घ्यावे. सातपूरच्या आयटीआयसारख्या संस्थेला आधी पत्र दिले तर निदेशकांच्या देखरेखीखाली असे काम करून घेता येईल. तांब्या-पितळेच्या कामासाठी नाशिक जुन्या काळापासून ओळखले जाते, त्यामुळे त्यावर नाव कोरून देणारा कारागीरही भांडी बाजारात सापडतो. ज्या मुलींनी ते दंतचक्र केले त्यांची नावे मागच्या बाजूला कोरावीत.

आठवी पायरी: वेळापत्रक आणि समारंभ

दोन तारखा या कामाला साजेशा आहेत. १५ सप्टेंबर हा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि नोकरीच्या आरंभीच्या काळात त्यांनी नाशिक आणि खानदेशात काम केले होते, त्यामुळे या दिवसाचा आपल्या भागाशी खरा संबंध आहे. दुसरा दिवस ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती. माझी सूचना अशी की नामांकने १५ सप्टेंबरला खुली करावीत, ऑक्टोबरअखेर ती बंद करावीत, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडताळणी करावी आणि ३ जानेवारीच्या लगतच्या रविवारी समारंभ घ्यावा. प्रत्यक्ष ३ तारखेला शाळांचे स्वतःचे कार्यक्रम असतात, म्हणून तो दिवस टाळावा. २३ जूनला आंतरराष्ट्रीय महिला अभियंता दिन असतो, परंतु त्या सुमारास सारे स्वयंसेवक दाखले आणि प्रवेश यांच्या धावपळीत असतात. त्यांना तेव्हा व्यासपीठावर बोलावणे म्हणजे त्यांच्याच कामात खोडा घालणे होईल. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत, तेव्हा त्या वर्षी शहरात बैठका, गाड्या आणि सभागृहे यांचा भरवसा धरू नये आणि नामांकनाचे काम फोनवर व तालुक्याच्या ठिकाणी करावे.

सभागृह लहान घ्यावे. महाकवी कालिदास कलामंदिरात दीडशे माणसे बसवली तर ती चार रांगांत विरून जातात. तेवढ्यांसाठी शाळेचे सभागृह पुरते. वेळ सकाळी ११ ते दुपारी १:३० ठेवावी आणि त्यानंतर जेवण, म्हणजे सुरगाणा, पेठ आणि कळवणकडे परतणाऱ्यांना दिवसाउजेडी गाडी मिळते. प्रमुख पाहुण्याला दहा मिनिटे, अध्यक्षांना पाच. उरलेला वेळ मुलींना द्यावा. प्रत्येक सन्मानित स्वयंसेवकाविषयी त्याने मदत केलेल्या एका मुलीने, तिची आणि पालकांची इच्छा असेल तरच, चार-पाच मिनिटे बोलावे. तिला बोलायचे नसेल तर तिने लिहिलेले दुसऱ्या कोणी वाचावे. तिच्या गरिबीचे वर्णन सूत्रसंचालकाने करू नये, ही सूचना त्याला आदल्या दिवशी लेखी द्यावी. छायाचित्रे वृत्तपत्रांना देताना अठरा वर्षांखालील मुलींच्या पालकांची संमती पुन्हा एकदा विचारावी.

नववी पायरी: समारंभानंतर

निवड न झालेल्या प्रत्येकाला आठवड्याभरात पत्र जावे. त्यात समितीला त्याच्या कामातील काय आवडले आणि कोणती माहिती कमी पडली हे दोन-तीन वाक्यांत असावे, सोबत खर्चाच्या भरपाईची रक्कम आणि नवी वही असावी. छापील ‘आपल्या सहभागाबद्दल आभार’ पाठवण्यापेक्षा काहीच न पाठवणे बरे. निवडीबाबत तक्रार असेल तर ती कोणाकडे आणि किती दिवसांत करायची, हे पत्रातच सांगावे आणि आलेल्या तक्रारीला लेखी उत्तर द्यावे.

पुरस्कार मिळालेल्यांना पुढची तीन वर्षे पुन्हा नामांकित करू नये, मात्र दुसऱ्या वर्षीच्या पडताळणीत त्यांना सोबत घ्यावे; दुसऱ्याच्या वहीत काय वाचायचे हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. पहिल्या वर्षी संपूर्ण पंधरा तालुक्यांचा घाट घालू नये. नाशिक शहर आणि एखादा आदिवासी तालुका, एवढ्यावर तीन पुरस्कार आणि तीस-चाळीस वह्या नीट सांभाळल्या तरी पुष्कळ झाले. निफाड, सिन्नर, मालेगाव यांकडे दुसऱ्या वर्षी वळावे, आणि तेथे नवी समिती नेमण्याआधी त्या तालुक्यातील किमान पाच स्वयंसेवकांना वह्या देऊन सहा महिने थांबावे.